लान्सच्या दिव्यांचा दोष

लान्स ट्रेगेंझा दरवर्षी मार्चअखेरीस, आमच्या इकडचा उन्हाळा संपून गर्दी पांगली की, ऍडलेडपासून लांब समुद्रकाठी, चाकांवरची घरं लावायच्या आमच्या कॅरॅव्हॅन पार्कात यायचा आणि आल्या आल्या कशावरून तरी कुरकुर करायचा. एका वर्षी माश्या, एका वर्षी न्हाणीघरातलं कोमट पाणी, एका वर्षी शेजारच्यांचं कुत्रं. त्यामुळे त्या वर्षी ऑफिसच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तो म्हणाला, "विदू, तुझ्या पार्कातली वीज मेलीय," तेव्हा मी मानही वर केली नाही.

"वीज कंपनीला सांग. मी फक्त भाडं घेते."

"दिवे बघ येऊन माझे. त्यापेक्षा मेणबत्ती बरी."

"तुझे दिवे बॅटरीवर चालतात, लान्स. माझ्या विजेवर नाही."

"आणि बॅटरी कशावर चार्ज होते?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. हे पार्क माझ्या सासऱ्यांनी उभारलेलं. लग्न करून मी इथे आले तेव्हा वीजजोडणीचे खांब नवे होते आणि आज ते गंजलेत, पण त्यांना नावं ठेवायचा हक्क मला आणि माझ्या नवऱ्याला, ग्रॅहमला आहे. वर्षातून दोन महिने राहणाऱ्याला नाही. मी मीटर घेऊन त्याच्या मागोमाग निघाले ती भांडायलाच.

लान्सचा जन्म पवनचक्क्यांवर गेला होता. उत्तरेकडच्या मेंढ्यांच्या मोठमोठ्या रानांत जमिनीतलं पाणी उपसायला ज्या पवनचक्क्या असतात, त्या दुरुस्त करत हा माणूस चाळीसेक वर्षं फिरला. एका चक्कीपासून दुसऱ्या चक्कीपर्यंत दिवसभराचा रस्ता, वर चढायचं, खाली उतरायचं, बोलायला मेंढ्या. मग म्हातारपणी बायकोला, एल्व्हाला, घेऊन आता मजेनं फिरायचं म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं हा कॅम्पर ट्रेलर बांधला. पत्र्याचं खोकं, त्यावर पलंग, बाजूला उलगडणारा कापडी तंबू, मागं ओढून काढायचं स्वयंपाकघर. एल्व्हा तीन हिवाळे फिरली आणि गेली. त्यानंतर त्यानं पोर्ट पिरीचं घर विकलं आणि बारा महिने रस्त्यावर राहू लागला.

"घरात एकटं वाटतं," तो मला एकदा म्हणाला होता, "रस्त्यावर नाही वाटत." ते खरंच होतं. आमच्याकडच्या लांबलचक सरळ रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलायचं, हा रिवाज आहे. दिवसात पन्नास बोटं उचलली गेली की पन्नास माणसं भेटल्यासारखी वाटतात. आणि संध्याकाळी कुठल्याही पार्कात उन्हं उतरली की सगळे आपापली घडीची खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोल करून बसतात. नाव विचारायचीही गरज पडत नाही. कुठून आलात, वारा कसा होता, पेट्रोल कुठं स्वस्त, एवढ्यावर रात्र होते. लान्सची सगळी माणसं अशीच होती, एकेका संध्याकाळपुरती.

तर मी त्याच्या ट्रेलरमध्ये शिरले. आत पलंगावर एक दिवा, ओट्यावर एक आणि टेबलावर एक. नव्या चालीचे पट्टीदिवे, गुळगुळीत काचेवर बोट टेकवलं की लागणारे. लान्सनं बोटानं काच चाचपली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दिवा लागला.

"बघ. हा काय उजेड आहे?"

मला तो बरा वाटला. पण दुपारची वेळ होती आणि मी भांडायला आले होते, म्हणून दिव्याकडे नीट न बघता मी खांबावरची वीज मोजली. ती चोख निघाली.

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"मग दोष माझ्याकडे आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळलाच. दुरुस्तीचं काम निघालं की त्याला हुरूप यायचा. "दोष शोधायचा तर बॅटरीपासून निघायचं आणि दिव्यापर्यंत चालत जायचं, विदू. मध्ये उडी मारायची नाही. जे बरोबर आहे ते बाजूला काढत गेलं की जे उरतं तोच दोष."

पुढचा आठवडा तो चालत राहिला. त्यानं बॅटरीची टोकं घासली. फ्यूज काढून पुसले. समुद्राच्या हवेनं अर्थिंगची तार हिरवी पडली असेल म्हणून ती कापून नवी लावली. मग जुनी वायर बारीक आहे, वाटेतच वीज खाते, असं ठरवून पलंगाखालची सगळी फळी उचकटली आणि जाड वायर ओढली. मी टॉवेल वाळत घालायला गेले की तो हाक मारायचा, "विदू, मीटरवरचा आकडा वाच जरा. माझा चष्मा कुठं पडलाय कोण जाणे."

चष्मा त्याच्या कपाळावर असायचा. मी म्हटलं की तो म्हणायचा, "हा लांबचा आहे."

मी वाचायचे. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी जवळपास तेवढेच. म्हणजे वाटेत काही गळत नव्हतं.

"मीटर बिघडलाय तुझा," लान्स म्हणायचा.

"माझी वीज मेली, माझा मीटर बिघडला. उद्या म्हणशील माझा समुद्र खारट आहे."

तो हसायचा, पण उशिरा. त्या वर्षी तो एकूणच उशिरा हसत होता.

संध्याकाळच्या बैठकीत तेव्हा ग्वेंडा आणि रॉस मॅट्नर हे जोडपं मुख्य होतं. ग्वेंडा शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलेली, त्यामुळे कोण आलं नाही याची नोंद तिच्या डोक्यात तयार असायची. मी चीजचे तुकडे घेऊन गेले तर विषय लान्सचाच चालला होता.

"कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला कुणी बोलावलंय का?" मी विचारलं.

"बोलावायचं कशाला?" रॉस म्हणाला. "परवा पेनाँग गावच्या रस्त्यावर समोरून आला. मी बोट उचललं. बघितलंसुद्धा नाही त्यानं. काल पुन्हा तेच. शेवटी आख्खा हात हलवला, जसा काही मी बुडतोय. हा आपला नाक वर करून गेला."

"सकाळी न्हाणीघरापाशी मी हसले त्याच्याकडे," ग्वेंडा म्हणाली, "तर भिंतीकडे बघावं तसं बघितलं. शिष्ट मेला. असू दे बाई, आपलं काही अडलं नाही."

आमच्याकडे माणूस दारुडा असला तर चालतो, उधार बुडवणारा असला तरी चालवून घेतात. बोट न उचलणारा चालत नाही. लान्सची खुर्ची त्या गोलात त्या संध्याकाळी नव्हती आणि पुढेही आली नाही. तो आपल्या दाराशी बसून वायरी सोलत राहायचा आणि इकडून हसण्याचा आवाज आला की एक क्षण हात थांबवायचा. मला ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं. शेवटी मला त्याची दया आली, आणि दया आली की मी चिडते. मी गावातल्या टासोला फोन केला. टासो गाड्यांच्या विजेचं काम करतो, मुकाट्यानं करतो आणि बिल हळू आवाजात सांगतो.

टासो आला तेव्हा लान्सनं सगळे दिवे नवे आणले होते, आधीच्यापेक्षा दुप्पट तेजाचे. टासो आत गेला, थोड्या वेळानं डोळे चोळत बाहेर आला आणि मला पाण्याच्या टाकीच्या आडोशाला घेऊन गेला.

"विदू, तू तो दिवा लागलेला पाहिलास? मासे पकडणाऱ्या होड्या त्याला बंदर समजतील."

"मग तो मंद का म्हणतो?"

टासोनं आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "बॅटरी बरोबर आहे. वायर राजवाड्याला शोभेल अशी आहे. तू सांग त्याला."

"मी का? तू गेलास ना आत."

"माझ्यानं होणार नाही. माझ्या बापाला गाडी सोड म्हणून मी सांगितलं, तर तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आणि ऐक, तो परवा निघतोय म्हणे. पश्चिमेला, मोठ्या मैदानावरून, पर्थपर्यंत."

त्या रस्त्यावर तीन-तीन डबे जोडलेले मालट्रक धावतात आणि संध्याकाळी कांगारू आडवे येतात. तरीही मी लगेच गेले नाही. मनात म्हटलं, टासोचा अंदाज चुकलाही असेल, म्हातारा नुसता हट्टी असेल. ज्या माणसाकडे रस्ता सोडून काहीच नाही त्याला रस्ता सोड म्हणायचं, म्हणजे त्याला जिवंत ठेवून सगळं काढून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तोच ऑफिसात आला. भाडं चुकतं केलं आणि रेंगाळला.

"इथली माणसं बदलली, विदू."

"कशावरून?"

"हल्ली रस्त्यावर कुणी बोटच उचलत नाही. मी उचलतो गाडीचा आवाज जवळ आला की, पण समोरून काही नाही. पूर्वी असं नव्हतं. म्हाताऱ्याला कोण विचारतो म्हणा."

आता टासोचा अंदाज म्हणायला जागा उरली नव्हती. म्हणजे तो उचलत होता. आवाजावर, चुकीच्या वेळी, गाडी निघून गेल्यावर. आणि समोरच्यानं उचललेलं त्याला दिसत नव्हतं. रॉस त्याच्यावर रुसला होता आणि तो रॉसवर, आणि दोघंही हात करत होते.

"चल, मला दिवे दाखव तुझे," मी म्हटलं.

आम्ही आत गेलो. त्यानं खिडक्यांची कापडं खाली सोडली, म्हणजे अंधारात मला नीट कळावं, आणि एकामागून एक दिवे लावले. मी डोळ्यांवर हात धरला. पांढऱ्या उजेडात पलंगाची चादर, तिच्यावरची शिवण, एल्व्हाच्या फोटोवरची धूळ, सगळं लख्ख दिसत होतं.

"खरं सांग," तो म्हणाला. "कसा आहे?"

मला खोटं बोलता येतं. पार्क चालवणाऱ्याला यावंच लागतं. पण तेव्हा मला ते मालट्रक दिसत होते.

"लान्स, माझे डोळे दिपलेत."

तो उभाच राहिला. मग एकेक बोट दुमडत, जसा काही चक्कीच्या मालकाला हिशेब देतोय तसा, सावकाश म्हणाला, "बॅटरी बरोबर. फ्यूज बरोबर. अर्थिंग नवी. वायर नवी. बटण बरोबर. दिवे नवे." पुढचं बोट त्यानं धरून ठेवलं, दुमडलं नाही. "चांगला माग काढला मी."

"डॉक्टरकडे जाऊ. मी नेते."

"एल्व्हा असती ना," तो पलंगावर बसत म्हणाला, "तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. मी म्हटलं असतं, अंधार आहे. ती म्हणाली असती, कुठाय अंधार, डोळे तपास. एकट्या माणसाला अंधार आतला की बाहेरचा ते कळतच नाही गं. तो आपला वायरी बदलत बसतो."

मला रडू आलं, आणि ते त्याला दिसत नसेल या समजुतीनं मी खुशाल रडले. "रडू नको," तो म्हणाला. "ऐकू येतं मला."

पोर्ट लिंकनच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, आणखी झिजेल, कडेकडेचं दिसत राहील. गाडी बंद. परतीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी बोट उचलत होते, आणि प्रत्येक वेळी लान्स विचारत होता, "उचललं त्यांनी?" मी सांगत होते, "उचललं." तेव्हा तरी ते खरं होतं.

त्याचा मुलगा ब्रेंट दूर वायव्येला खाणीत कामाला आहे. त्यानं फोनवर सांगितलं, पर्थला छान वृद्धाश्रम बघतो. लान्स म्हणाला, "तिथं माझ्या खोलीचा दिवा दुसराच कुणी मालवणार. मी इथंच राहतो." गाडी ब्रेंटनं विकायला काढली. मॅट्नर जोडपं निघालं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ग्वेंडा हळहळली, "अगं बाई, आणि आम्ही काय काय बोललो," म्हणाली, आणि त्यांना त्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या गावी पोचायचं होतं.

त्याचा समुद्राकाठचा कोपरा मात्र मला त्याच्यासाठी ठेवता आला नाही. त्या जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. कायम राहणाऱ्यांची ओळ मागं, कुंपणाला लागून, टाक्यांच्या पलीकडे. ट्रेलर तिथं ओढून नेला त्या दिवशी लान्स म्हणाला, "म्हणजे मी आता कायमचा." तो इतकी वर्षं आला, पण त्या ओळीकडे कधी फिरकला नव्हता. कुणीच फिरकत नाही. प्रवासी प्रवाशांशी बोलतात, कारण उद्या निघायचं असतं. कायमच्या माणसाशी ओळख केली तर ती निभवावी लागते. आणि त्या ओळीतले बाकीचे तिघं दारं लावून टीव्हीसमोर असतात.

लान्सनं पुन्हा हत्यारं काढली. गुळगुळीत काचेची बटणं आता त्याच्या कामाची नव्हती, दिवा लागलाय की नाही ते बोटाला समजत नव्हतं. त्यानं ती उपटली आणि आपल्या जुन्या पेटीतले धातूचे खटके बसवले, खाली केला की चालू, वर केला की बंद, टक् असा आवाज. ओट्याच्या खटक्याला त्यानं दोऱ्याचं वेटोळं घातलं, पलंगाच्या खटक्याला काही नाही. "आता डोळे लागतच नाहीत," तो मला फुशारकीनं म्हणाला. "बोटं खोटं बोलत नाहीत." त्यानंतर तो आणखी एक जोडणी काढायच्या विचारात होता. दाराबाहेर, कापडी मांडवाखाली एक मोठा दिवा, आणि त्याचा खटका आत, खुर्चीपाशी.

"तो कशाला?" मी विचारलं. "अंधार पडल्यावर तू बाहेर जात नाहीस. मांडवाच्या दोऱ्यांत पाय अडकतात तुझे."

"मला नको गं. येणाऱ्याला लागेल. दिवा दिसला तर कुणी म्हणेल, म्हातारा जागा आहे, बसू जरा."

त्याच आठवड्यात मला ऍडलेडला मुलीकडे जावं लागलं. तिचं बाळंतपण होतं. परत यायला महिना लागला. गाडीतून उतरून मी पार्काची फेरी मारली तर भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, लान्सच्या मांडवाखालचा नवा दिवा जळत होता. विसरला असेल म्हणून मी पुढं गेले.

ग्रॅहमनं पकडलेले मासे तळून संध्याकाळी मी ताट घेऊन निघाले. सूर्य नुकताच बुडाला होता. पुढच्या अंगणात खुर्च्यांचा गोल भरला होता. मी टाक्या ओलांडल्या तोच लान्सच्या ट्रेलरमधून टक् असा आवाज आला आणि दिवसभर जळत असलेला दिवा विझला. मांडवाखाली काळोख झाला.

मी तिथंच उभी राहिले. मग आत गेले. लान्स स्वच्छ सदरा घालून बसला होता. टेबलावर दोन ग्लास, पोर्ट वाइनची बाटली, ताटलीत बिस्किटं आणि कडा वाळलेलं चीज. रेडिओ बंद होता, बाहेरची चाहूल लागावी म्हणून.

"कोण?"

"मी, विदू."

"ये, ये! दिवा दिसला ना तुला? त्यावरून आलीस ना?"

मी ताट खाली ठेवलं. "लान्स, दिवा बंद आहे."

"खटका खाली आहे," त्यानं बोट लावून दाखवलं. "आत्ताच केला."

"उलटा बसवलायस तू. खाली केला की विझतो. दिवसभर जळतो आणि संध्याकाळी तू तो मालवतोस."

तो खटक्यावरून बोट फिरवत राहिला. बसवला तेव्हा दुपार होती, लख्ख उन्हात दिवा लागला काय नि न लागला काय, कडेच्या नजरेला समजायचं नाही, आणि टक् आवाज तर दोन्हीकडे सारखाच. विचारायला जवळ कुणी नव्हतं. मला वाटलं, आता हा मोडणार. पण त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि कितीतरी महिन्यांनी तो लगेच, मोकळा हसला.

"म्हणजे म्हणून कुणी आलं नाही! रोज संध्याकाळी मी आपला दिवा मालवून बसलोय, आणि वाट बघतोय! त्यांना वाटत असणार, म्हातारा झोपला."

तो माझ्या तोंडाकडे, म्हणजे तोंडाच्या थोडं बाजूला, बघत होता.

"त्यामुळेच ना गं?"

"त्यामुळेच," मी म्हटलं. "दुसरं काय असणार?"

त्यानं पेचकस घेतला, दोन स्क्रू सैल केले, खटका फिरवून बसवला. टक्. बाहेर कापडावर उजेड पडला. मी "लागला" म्हटलं. त्यानं खुर्ची दाराकडे वळवली, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि दोन्ही ग्लासांत थोडी थोडी वाइन ओतली. दुसरा ग्लास त्यानं माझ्याकडे सरकवला नाही, दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

वाळूवर पावलं वाजली. लान्सनं मान वर केली. पावलं न्हाणीघराकडे निघून गेली.

"आज वारा आहे," तो म्हणाला. "उद्या येतील."

मी हो म्हटलं.